प्रथिनांना माप देणारे ऑलिव्हर लॉरी

गोदावरीच्या डोहातला झिंगा असो वा बालाघाटाच्या ओढ्यातला खेकडा, त्याच्या शरीरातील प्रथिने मोजायची म्हटली की मराठवाड्यातील प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक नाव हमखास निघते. ते नाव म्हणजे लॉरी. विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिक वहीत ते केवळ एका पद्धतीचे नाव म्हणून येते. त्या नावामागे एक चिकाटीचा, अबोल आणि आपल्या मर्यादा ओळखून असलेला शास्त्रज्ञ होता, याची नोंद वहीत सहसा नसते. कॅडमियम, पारा, शिसे, जस्त यांसारख्या जड धातूंचा जलचरांवर काय परिणाम होतो, याचा माग काढणाऱ्या असंख्य संशोधकांच्या हाती ज्यांनी माप दिले, त्या ऑलिव्हर हाउ लॉरी यांच्या आयुष्याची ही ओळख.

शिक्षकाच्या घरातील शेंडेफळ

लॉरी यांचा जन्म १८ जुलै १९१० रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात झाला. पाच भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील शिक्षक होते आणि पुढे शिकागोच्या शालेय प्रशासनात वरच्या पदापर्यंत पोहोचले. घरात शिस्त होती, शिक्षणाला मान होता. शालेय शिक्षण आटोपल्यावर लॉरी यांनी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात प्रवेश घेतला, तो रासायनिक अभियंता होण्याच्या इराद्याने. तेथे मन रमले नाही. सजीवांच्या शरीरातील रसायनांचे गूढ त्यांना अधिक खुणावू लागले आणि त्यांनी जीवरसायनशास्त्राची वाट धरली. १९३२ मध्ये ते पदवीधर झाले.

त्यानंतरची पाच वर्षे शिकागो विद्यापीठात गेली. १९३७ मध्ये त्यांनी जीवरसायनशास्त्रातील डॉक्टरेट आणि वैद्यकशास्त्राची पदवी अशा दोन्ही पदव्या एकाच वर्षी संपादन केल्या. वैद्यकीय पदवी हाती असूनही दवाखाना थाटण्याचा विचार त्यांनी केला नाही. हार्वर्ड विद्यापीठात बेअर्ड हेस्टिंग्ज यांच्या प्रयोगशाळेत ते रुजू झाले. शरीरातील ऊतींमध्ये पाणी व क्षार किती, त्यांची वाटणी कशी, हे तेथील संशोधनाचे विषय होते. मोजमाप हाच त्यांच्या आयुष्याचा धागा ठरणार, याची चुणूक येथेच दिसली.

मद्यनिर्मात्यांच्या प्रयोगशाळेत

१९३९ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून लॉरी डेन्मार्कमधील कोपनहेगनला गेले. बिअर तयार करणाऱ्या कार्ल्सबर्ग कंपनीच्या संस्थापकाने १८७५ मध्ये उभारलेली तेथील प्रयोगशाळा प्रथिनांच्या अभ्यासासाठी जगभर नावाजलेली होती. काज लिंडरस्ट्रॉम-लँग हे तेथील नामांकित शास्त्रज्ञ. ऊतीचा अगदी बारीक तुकडा घेऊन त्यातील रासायनिक घटक कसे मोजावेत, याचे तंत्र त्यांनी विकसित केले होते. लॉरी यांनी ते आत्मसात केले. नमुना जेवढा लहान तेवढी मोजणाऱ्याची कसोटी मोठी, हा धडा घेऊन ते मायदेशी परतले.

१९४२ मध्ये ते न्यूयॉर्क येथील सार्वजनिक आरोग्य संशोधन संस्थेत आले. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते आणि लोकांच्या पोषणाचा प्रश्न सरकारांपुढे उभा होता. शरीरात जीवनसत्त्वांची कमतरता आहे काय, हे पाहण्यासाठी तोवर बरेच रक्त काढावे लागे. शेकडो मुलांची तपासणी करायची तर हे शक्य नव्हते. ऑटो बेसी यांच्यासमवेत लॉरी यांनी अशा पद्धती बसवल्या, की बोटाला टोचून निघालेल्या थोड्याशा रक्तातून अनेक पोषक घटकांचा अंदाज घेता यावा.

या मोजमापाचे महत्त्व न्यूफाउंडलँडमध्ये दिसले. कॅनडाच्या पूर्वेकडील हे बेट तेव्हा स्वतंत्र प्रशासनाखाली होते. मच्छीमारांच्या तेथील वस्त्यांत कुपोषण होते. १९४४ मध्ये झालेल्या वैद्यकीय पाहणीत लॉरी सहभागी होते. त्याच सुमारास तेथे पिठात ‘ब’ गटातील जीवनसत्त्वे व लोह आणि मार्गारिनमध्ये ‘अ’ जीवनसत्त्व मिसळण्यास सुरुवात झाली. १९४८ मध्ये फेरपाहणी झाली, तेव्हा लोकांच्या आरोग्यात सुधारणा दिसून आली. भारतात कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेचे संचालक राहिलेले डब्ल्यू. आर. एक्रॉइड हेही या फेरपाहणीत होते. आधीचे माप आणि नंतरचे माप हाताशी असल्यामुळेच उपाय लागू पडला की नाही, हे सांगता आले. माप नसते तर केवळ मतभेद उरले असते.

दर एकरी उताऱ्याचा प्रश्न

१९४७ मध्ये सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाने लॉरी यांना औषधशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून बोलावले. कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याला त्याच वर्षी नोबेल पारितोषिक मिळाले, तेही याच विद्यापीठात. अशा तोलामोलाच्या वातावरणात लॉरी यांनी पुढील सारे आयुष्य घालवले.

येथे त्यांच्या प्रसिद्ध पद्धतीचा विषय येतो. ऊतीमधील एखादे विकर, म्हणजेच एन्झाइम, किती आहे हे सांगायचे तर ते कशाच्या तुलनेत, हा प्रश्न उभा राहतो. दोन शेतांत किती पोती कापूस निघाला एवढे सांगून भागत नाही. एकरी उतारा सांगावा लागतो. जीवरसायनशास्त्रात हा एकर म्हणजे प्रथिन. एक मिलिग्रॅम प्रथिनामागे विकर किती, असा हिशेब मांडला जातो. त्यासाठी प्रथिने अचूक आणि झटपट मोजता येणे आवश्यक होते. त्या काळातील पद्धतींपैकी काही वेळखाऊ होत्या, तर काहींना नमुना फार लागे.

लॉरी यांनी शोधलेला मार्ग संपूर्णतः नवा नव्हता. ऑटो फोलिन आणि व्हिंटिला सिओकाल्टू यांनी १९२७ मध्ये तयार केलेला पिवळसर अभिकारक उपलब्ध होता. प्रथिनातील टायरोसिन व ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लांशी संयोग झाला की तो निळा पडे. अल्कधर्मी द्रावणात तांब्याची जोड दिल्यास हा रंग कित्येक पटींनी गडद होतो, हेही ठाऊक होते. लॉरी आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक घटकाचे प्रमाण, प्रत्येक टप्प्याचा वेळ आणि मिसळण्याची रीत पुन्हा पुन्हा तपासून कोणालाही वापरता येईल अशी पक्की कृती बसवली.

ही कृती साधी आहे. दोन टक्के सोडियम कार्बोनेट सौम्य कॉस्टिक सोड्यात विरघळवायचे. त्यात टार्ट्रेट क्षाराच्या सोबतीने थोडे मोरचूद मिसळायचे. मोसंबीच्या खोडाला लावण्याच्या बोर्डो मिश्रणात असते तेच हे मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. हे द्रावण प्रथिनाच्या नमुन्यात घालून दहा मिनिटे थांबायचे. मग फोलिनचा अभिकारक घालून लगेच हलवायचे आणि अर्धा तास ठेवायचे. परीक्षानळीत निळा रंग उतरतो. प्रथिन जास्त तर रंग गडद. रंगाची तीव्रता रंगमापकावर वाचून ज्ञात प्रमाणाच्या प्रथिनाशी तुलना केली की उत्तर हाती येते. पूर्वीच्या बाययुरेट पद्धतीपेक्षा ही पद्धत सुमारे शंभरपट संवेदनशील होती.

छापायला नाखूश असलेला संशोधक

लॉरी यांना या पद्धतीचे फारसे अप्रूप नव्हते. स्वतःच्या कामासाठी घडवलेले एक हत्यार, एवढेच तिचे स्थान त्यांच्या लेखी होते. सहकारी मात्र ती सर्रास वापरू लागले. वापरली तर शोधनिबंधात तिचा उल्लेख कसा करावा, ही त्यांची अडचण होती, कारण ती कोठेच छापलेली नव्हती. पुढे १९७१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळवणारे अर्ल सदरलँड तेव्हा सेंट लुईसमध्येच होते. त्यांनी लॉरी यांच्यामागे ती प्रसिद्ध करण्याचा लकडा लावला. निबंध तयार झाला, तर अमेरिकेतील जीवरसायनशास्त्राच्या अग्रगण्य नियतकालिकाने तो लांबल्याचे सांगून परत पाठवला. काटछाट करून तो पुन्हा पाठवण्यात आला आणि १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. लॉरी यांच्यासमवेत रोझब्रो, फार आणि रँडल या तीन सहकाऱ्यांची नावे त्यावर होती.

त्यानंतर जे घडले त्याला विज्ञानाच्या इतिहासात तोड नाही. २०१४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकाने सर्वाधिक संदर्भ दिल्या गेलेल्या शोधनिबंधांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा लॉरी यांचा निबंध पहिल्या क्रमांकावर होता. त्या वेळेपर्यंत इतर संशोधकांनी ३ लाख ५ हजारांहून अधिक वेळा त्याचा संदर्भ दिला होता. आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद किंवा डीएनएच्या रचनेचा शोध यांना जे भाग्य लाभले नाही, ते एका रंगाच्या कृतीला लाभले.

मराठवाड्यातील खेकडा आणि लॉरींचे माप

ही पद्धत जगभर पसरण्याचे कारण तिच्या साधेपणात आहे. महागडी यंत्रे नसलेल्या महाविद्यालयातही सोडा, मोरचूद, टार्ट्रेट आणि एक रंगमापक एवढ्या सामग्रीवर काम भागते. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठात, म्हणजे आजच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात, कवचधारी प्राण्यांच्या शरीरक्रियेवर संशोधनाची परंपरा उभी राहिली. डॉ. आर. नागभूषणम् आणि डॉ. आर. सरोजिनी ही त्यातील ठळक नावे. नदी-ओढ्यांत सहज मिळणारे गोड्या पाण्यातील खेकडे आणि झिंगे हे या अभ्यासाचे साहित्य होते. बीड जिल्ह्यातील महाविद्यालये याच विद्यापीठाशी संलग्न आहेत.

खेकडाच का निवडायचा, यालाही कारण आहे. खेकडा तळाशी राहतो, चिखलात बीळ करतो, कुजलेले पदार्थ खातो. पाण्यात आलेले जड धातू बऱ्याच अंशी गाळात बसतात. पाण्याचा नमुना फक्त त्या दिवसाची स्थिती सांगतो. तळाशी वस्ती करून राहणाऱ्या प्राण्याच्या शरीरात मात्र अनेक दिवसांचा हिशेब साचलेला असतो.

या प्रयोगांची रीत ठरलेली आहे. खेकडे आणून काही दिवस प्रयोगशाळेच्या पाण्यात ठेवले जातात. मग काहींच्या पाण्यात जीव जाणार नाही इतक्या अल्प प्रमाणात धातूचा क्षार मिसळतात, काहींना स्वच्छ पाण्यात ठेवतात. २४ ते ९६ तासांनंतर कल्ले, स्नायू आणि पचनग्रंथी यांतील प्रथिने लॉरी पद्धतीने मोजली जातात. धातूच्या ताणाखाली असलेल्या प्राण्यात एकूण प्रथिने बहुधा घटलेली आढळतात. विषाशी झुंजण्यासाठी लागणारी जादा ऊर्जा मिळवण्याकरिता शरीर स्वतःचीच प्रथिने मोडू लागते; शिवाय पारा व कॅडमियमसारखे धातू प्रथिनांतील गंधकाला चिकटून त्यांचे काम बिघडवतात.

यात एक विलक्षण योगायोग आहे. खेकड्याच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे हिमोसायनिन हे प्रथिन तांब्यावर आधारलेले असते. माणसाला जसे लोह, तसे खेकड्याला तांबे. तेच तांबे प्रमाणाबाहेर गेले की विष ठरते. आणि त्या विषाचा परिणाम मोजणाऱ्या लॉरींच्या परीक्षानळीतही तांबेच काम करते. पोषण आणि विषबाधा यांत अंतर असते ते फक्त मात्रेचे, आणि मात्रा कळते ती मोजल्यावरच.

मापाच्या मर्यादा

आपल्या पद्धतीला मर्यादा आहेत, हे लॉरी यांनी मूळ निबंधातच नमूद केले होते. रंग हा प्रथिनाच्या प्रमाणाशी तंतोतंत जुळत नाही. टायरोसिन व ट्रिप्टोफॅन कमी असलेल्या प्रथिनाला रंग फिका येतो. नमुन्यातील अन्य काही रसायनेही रंगात ढवळाढवळ करतात. १९७६ मध्ये मॅरियन ब्रॅडफोर्ड यांची अधिक झटपट पद्धत आली. तरीही लॉरींचे माप प्रयोगशाळांतून हद्दपार झाले नाही.

प्रदूषणाच्या संदर्भात तर ही सावधगिरी अधिकच गरजेची ठरते. लॉरी पद्धत सांगते ते एकूण प्रथिन. ते घटले म्हणजे धातूच कारणीभूत, असा निष्कर्ष लगेच काढता येत नाही. उपासमार, कवच टाकण्याचा काळ, अंडी धरण्याचा हंगाम, पाणी आटल्याने वाढलेली उष्णता, या साऱ्यांनी प्रथिने कमी-जास्त होतात. म्हणूनच संशोधक आता मेटॅलोथायोनिन या खास प्रथिनाकडेही पाहतात. १९५७ मध्ये मार्व्हिन मार्गोशेस आणि बर्ट व्हॅली यांनी घोड्याच्या मूत्रपिंडातून ते प्रथम वेगळे केले. धातूंना बांधून ठेवणारे हे प्रथिन खेकड्यांतही असते आणि धातूचा शिरकाव झाला की ते वाढते. एकूण प्रथिन घटलेले आणि मेटॅलोथायोनिन वाढलेले, शिवाय ऊतीत प्रत्यक्ष धातू सापडलेला, अशा तिन्ही साक्षी जुळल्या तरच आरोप टिकतो.

मेंदूच्या एका पेशीपर्यंत

प्रथिनांच्या निबंधाने लॉरी यांचे नाव सर्वतोमुखी केले. त्यांचे स्वतःचे मन मात्र मेंदूच्या अभ्यासात गुंतले होते. मेंदूतील एकेका पेशीत कोणते विकर किती, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. त्यासाठी त्यांनी क्वार्ट्‌झच्या अतिसूक्ष्म तंतूचा तराजू तयार केला. तंतूच्या टोकाला वाळवलेली पेशी ठेवली की तंतू किंचित वाकतो आणि त्या वाकण्यावरून वजन कळते. ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या पातळीवरचे हे वजन होते.

एवढ्याशा नमुन्यासाठी द्रवही तितकाच थोडा लागे आणि तो उघड्यावर क्षणात उडून जाई. लॉरी यांनी तेलाने भरलेल्या बारीक खळग्यांत तो थेंब ठेवण्याची युक्ती काढली. १९६१ च्या सुमारास त्यांनी विकरांचे चक्र वापरून अत्यल्प पदार्थाचा संकेत हजारो पटींनी वाढवण्याचे तंत्र प्रसिद्ध केले. जॅनेट पासोनो या त्यांच्या प्रदीर्घ काळच्या सहकारी होत्या. मेंदूचा रक्तपुरवठा थांबल्यावर काही क्षणांतच तेथील ऊर्जेचा साठा कसा संपत जातो, हे या मंडळींनी उंदरांच्या मेंदूवर १९६४ मध्ये दाखवून दिले.

त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले. १९५५ ते १९५८ या काळात ते वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाताही होते. तरी पद आणि खुर्ची यांपेक्षा प्रयोगशाळेचे टेबल त्यांना प्रिय होते. १९७६ मध्ये विभागप्रमुखपदावरून निवृत्त झाल्यानंतरही ते प्रयोग करत राहिले. आपल्या प्रथिनांच्या निबंधाला मिळालेल्या कीर्तीने त्यांना मनोमन आनंद होत असे, परंतु तो आपला थोर शोध आहे असा दावा त्यांनी कधी केला नाही. १९९० मध्ये लिहिलेल्या आत्मकथनपर लेखात त्यांनी प्रतिभावंत नसतानाही संशोधनात यशस्वी कसे व्हावे, हाच विषय निवडला होता. २९ जून १९९६ रोजी सेंट लुईस येथे वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

बीडच्या पाण्यासाठी

लॉरी यांचा वारसा बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्याला विशेष मोलाचा आहे. जिल्ह्याची उत्तर सीमा गोदावरी आखते. बिंदुसरा बीड शहरातून वाहत पुढे सिंदफणेला मिळते, सिंदफणेवर माजलगावचे धरण आहे आणि मांजरा पाटोद्याच्या डोंगरात उगम पावते. परळीचे औष्णिक वीज केंद्र १९७० च्या दशकापासून जिल्ह्यात आहे. दगडी कोळशाच्या राखेत आर्सेनिक, शिसे, क्रोमियम, पारा असे घटक अल्प प्रमाणात असतात, हे सर्वमान्य आहे. त्यातील किती अंश कोठल्या पाण्यात उतरतो, हे मात्र तर्काने ठरवण्याची गोष्ट नाही. शहरांचे सांडपाणी आणि शेतातून वाहून येणारी रसायने यांनाही हाच नियम लागू आहे.

जेथे पाणी कमी, तेथे मिसळलेली घाण विरळ व्हायला वाव नसतो. उन्हाळ्यात आटत चाललेल्या डोहात जनावरे पाणी पितात, पावसाळ्यात ओढ्याचे खेकडे घराघरांत कालवणात पडतात. पाण्याबद्दल गावात संशय असतो, सरकारी कचेरीत कागद असतो आणि दोहोंच्या मध्ये आकडा नसतो. तो आकडा मिळवण्याचे एक स्वस्त साधन सेंट लुईसच्या एका अबोल शास्त्रज्ञाने १९५१ मध्ये जगाला देऊन ठेवले आहे. न्यूफाउंडलँडमध्ये आधी आणि नंतर अशी दोनदा मोजणी झाली म्हणून उपायाची किंमत कळली. बिंदुसरा आणि सिंदफणेच्या खेकड्यांचीही अशी वर्षानुवर्षांची, ऋतूनिहाय मोजणी जिल्ह्यातील महाविद्यालयांना अशक्य नाही. एखाद्या वर्षीच्या प्रबंधापुरते माप लावून ते बाजूला ठेवले, तर हाती पदवी येते. पाण्याचा न्याय करायचा असेल, तर माप वर्षानुवर्षे चालू ठेवावे लागते.